डायग्नोज करायचं म्हणजे

६ फेब्रुवारी

ताई,

नव्या जागी पोचलो, काम मिळालं, दोन वेळा जेवतोय. एवढं अण्णांना वाचून दाखव. पुढचं तुझं तू वाच.

रंगाचा कारखाना सोडला. लगेच कपाळाला हात लावू नकोस. तिथल्या वासानं डोकं असं धरायचं की स्वतःचं नाव आठवेना. त्याआधीचं गोदाम का सोडलं ते मात्र मलाच नीट सांगता येत नाही. एका जागी राहिलं की पायाला मुंग्या येतात, मी काय करू?

आता फ्रीज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे. घरातले फ्रीज नव्हेत, हॉटेलांच्या कोल्ड रूम असतात ना, आपल्या दुकानाएवढ्या, त्या. बिघडल्या की आमची गाडी जाते. बॉस एक म्हातारी बाई आहे. मी मनातल्या मनात तिला आत्या म्हणतो, कारण नाक आत्याचं आणि जीभही आत्याचीच. आणखी एक जण आहे, उंच्या. दारातून येताना आधी नमस्कार केल्यासारखा वाकतो, मग आत येतो.

पहिल्याच दिवशी मी पाना उचलला तर बॉस म्हणाली, "आधी डायग्नोज." मला वाटलं एखादं हत्यार असेल. पेटीत शोधायला लागलो. उंच्या हसून हसून खाली बसला. मग त्यानं सांगितलं, डॉक्टर करतात ते. उघडायच्या आधी रोग काय ते ओळखायचं. बॉसचा नियमच आहे, रोग सांगता येईपर्यंत हात खिशात. पान्याला शिवायचं नाही. माझे हात खिशात कसे राहणार, तूच सांग. पहिल्या आठवड्यात एक खिसा फाटला.

आणि गंमत म्हणजे या देशात डॉक्टर सोडून सगळे डायग्नोज करतात. घरमालकीण गळका नळ डायग्नोज करते. ड्रायव्हर बसचा खोकला डायग्नोज करतो. टीव्हीवर चार टाय घातलेले लोक फुटबॉलच्या हरलेल्या टीमला डायग्नोज करत बसतात. उंच्याच्या बायकोनं तर त्यांचा संसारच डायग्नोज केलाय, दोष उंच्याचा निघाला. त्यावरून तो तोंड पाडून बसला होता, म्हणून मी विचारलं काय झालं. म्हणाला, "मला डायग्नोज करू नकोस."

अण्णांचा गुडघा काय म्हणतो?

तुझा,
भिंगरी

*

२ मार्च

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. अण्णांना तीनच वाक्यं वाचून दाखवली. ते म्हणाले, "एवढ्याला एवढं जाड पाकीट?" मी म्हटलं, कागद तिकडचा जाड असतो.

तुझ्या त्या शब्दाला आपल्याकडे निदान म्हणतात. निदान एक पत्र तरी महिन्याला टाकत जा, म्हणजे आम्हाला तुझं काय चाललंय त्याचं निदान करता येईल. शेजारच्या काकूंकडे फोन करू नकोस. त्या चहा गाळायचं सोडून ऐकत उभ्या राहतात आणि मग तू काय म्हणालास ते मला बाजारात कळतं.

अण्णांचा गुडघा आहे तसाच आहे. आता पायरी म्हणून चढत नाहीत. मी त्यांची गादी खाली दुकानातच आणलीय, मशीनच्या मागे. सकाळी उठले की हात लांब केला की कात्री. वरच्या खोलीत नि गच्चीवर आता माझं एकटीचं राज्य.

दुकान बरं चाललंय. लोक नवीन कमी शिवतात, जुनं सैल करून नेतात. अण्णा म्हणतात, गिऱ्हाइकाचं पोट वाढलं की आपलं भरतं.

एक विचारायचं होतं. अण्णांना हल्ली थकवा फार वाटतो. जरा काम केलं की बसावंसं वाटतं. तुमच्या त्या आत्या काय म्हणतील याला? सहज विचारतेय.

आणि हे काम सोडू नकोस रे. तुझ्या पत्रात पहिल्यांदाच कामाच्या जागेतली माणसं आली. एरवी नुसते वास असतात.

ताई

*

२० मार्च

ताई,

सोप्पं आहे. तुझं पत्र वाचता वाचताच मी डायग्नोज केलं.

बसून राहिलेलं यंत्र गंजतं. अण्णा दिवसभर मशीनवर, आता तर झोपही मशीनमागे. रक्त फिरणार कुठून? तू त्यांना कामाला लाव. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा जिना चढ-उतार. गुडघा कुरकुर करेल, करू दे. आठ दिवस धाप लागेल, मग बघ कसे पळतात. आणि लाड करू नकोस. थकवा आला म्हटलं की तू लगेच चहा ठेवतेस, मला माहीत आहे.

इथे मी आता बराच पुढे गेलोय. परवा एका मटणवाल्याचा फ्रीज मी नुसता आवाजावरून ओळखला. बॉस "हं" म्हणाली. तिच्या तोंडून हं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे. उंच्या म्हणतो, तुला आता सगळीकडे रोग दिसायला लागणार, मलाही पहिल्या वर्षी दिसायचे, मी सासूबाईंना डायग्नोज केलं होतं, अजून बोलत नाहीत.

तरी एक सांगतो, चिडू नकोस. बंदरावर जहाजांच्या फ्रीजचं काम असतं म्हणे. जहाजाबरोबरच जायचं, आज इथे, उद्या तिथे. उंच्याचा एक ओळखीचा आहे. नुसती चौकशी करतोय.

भिंगरी

*

९ एप्रिल

चि. भिंगरीस,

जहाजाचं मी वाचलंच नाही असं समज. तूही लिहिलं नाहीस असं समज.

तू सांगितलंस तसं केलं. सकाळ-संध्याकाळ जिना. पण आठ दिवस होऊन गेले, धाप काही जात नाही. मधल्या वळणावर थांबावंच लागतं. आधी एका दमात वर जाता यायचं, आता वळणावरच्या खिडकीची चौकट धरून उभं राहावं लागतं. परवा गच्चीवर ओली चादर दोरीवर टाकताना छातीत असं काही धडधडलं की चादर तशीच सोडून कठडा धरला. रात्री आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून पाठीला दोन उशा लागतात. पहाटे पहाटे झोप लागते तर उठायची वेळ झालेली असते.

अण्णांचं हे असं आहे. त्यांना मात्र यातलं काही लिहू नकोस, उगाच मनाला लावून घेतील. मी तुला लिहिलंय ते एवढ्यासाठीच, की तुमच्याकडे एखाद्याला विचारून बघ. साधं काही असेल तर बरं.

काकू म्हणतात, अशक्तपणा. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो, पित्त. त्यानं गोळ्या दिल्यात, गुलाबी. रंग छान आहे.

तू जेवतोस ना वेळेवर?

ताई

*

२८ एप्रिल

ताई,

आधी माझा तमाशा सांगतो. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

एका हॉटेलातली कोल्ड रूम थंड होईना. बॉस दुसरीकडे होती, मला एकट्याला पाठवलं. कान लावला, कॉम्प्रेसर घरघरत होता. म्हटलं, सापडला चोर. खोलला. सकाळची दुपार झाली, माझ्या भोवती नटबोल्टांची रांगोळी, आणि आत सगळं ठणठणीत. तेवढ्यात बॉस आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात खिशात घातले आणि तिथल्या स्वयंपाक्याला विचारलं, "दिवसभर इथे काय काय चालतं?" तो म्हणाला, काय चालणार, माल आत-बाहेर करून जीव जातो, दार सारखं उघडायचं-लावायचं, म्हणून खोका लावून दार उघडंच ठेवतो. झालं. दार उघडं, बाहेरची वाफ आत, पंख्यावर बर्फाचा डोंगर, आणि कॉम्प्रेसर बिचारा धावून धावून दमलेला. मी चांगल्या माणसाचं पोट फाडून ठेवलं होतं.

गाडीत बॉस ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू कुणाला विचारलंस?"

मी म्हटलं, "यंत्र बघितलं ना."

"यंत्र बोलत नाही. त्याच्याजवळ उभा राहणारा बोलतो. आणि तो बोलताना नीट ऐकत जा. निम्मं तो स्वतःबद्दल सांगत असतो."

मी खोलीवर आलो आणि बॅग भरायला घेतली. कुणी मला शिकवलेलं मला सोसत नाही, तुला माहीत आहे. उंच्या दारात वाकून उभा. "कुठे?" म्हणाला. मी म्हटलं, "कुठेही." तो म्हणाला, "तिथे बस जात नाही," आणि निघून गेला.

कपड्यांखाली तुझी पत्रं होती. बॅगेवर बसून परत वाचली. आधी घाईत वाचली होती. आता मला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून हळूहळू वाचली.

ताई, अण्णा पायरी म्हणून चढत नाहीत असं तूच लिहिलंस. मग मधल्या वळणावर धाप कुणाला लागते? कठडा कोण धरतं? आणि अण्णांनी उभ्या जन्मात ओली चादर हातात घेतलीय का? ज्या माणसाला स्वतःचा रुमाल कुठे वाळतो ते ठाऊक नाही, तो गच्चीवर चादरी टाकायला लागला आणि तू मला ती बातमी साध्या शाईनं लिहिलीस?

आधी मला हसू आलं. मग बसवेना. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या, खालच्या माणसानं छताला काठी ठोकली, मग बाहेर जाऊन मारल्या. मी तुला जिना चढायला लावला. मोठा शहाणा. आणि तू चढलीस.

आता मी काही डायग्नोज करत नाही. मला काही कळत नाही. त्या गुलाबी गोळ्या टाकून दे आणि खऱ्या डॉक्टरकडे जा. अण्णांना घेऊन जा. आणि तिथे अण्णांचं म्हणून सांगू नकोस, नाहीतर डॉक्टर त्यांचीच छाती तपासत बसेल.

सोबतची चिठ्ठी अण्णांना. तू ती आधी वाचणार हे मी धरून चाललोय. वाच, पण दे. तुमच्याकडून काही कळलं नाही तर मी निघतो. बॅग भरलेलीच आहे.

भिंगरी

*

१५ मे

चिरंजीव,

मला लिहायची सवय नाही. कापडावर खडूनं लिहितो तेवढंच.

तुझी चिठ्ठी ताईनं माझ्यासमोर मशीनवर ठेवली आणि वर गेली. वाचता वाचता मी तिची पावलं ऐकली. मधे थांबली. हे थांबणं मी रोज ऐकतो. मला वाटायचं, वळणावरच्या खिडकीतून रस्ता बघते. बघू दे, तिला तरी दुसरं काय आहे, असं म्हणायचो मनात.

महिन्याभरापूर्वी तिनं दोन कपडे दिले, खांद्यात आत घ्या म्हणाली. घेतले. सुई ओढताना मनात आलं होतं की पोरगी उतरलीय. विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारतो, बारीक झालात की काय.

काल दुकान बंद ठेवून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. जे निघालं ते ती लिहील. तू लगेच निघू नयेस असं ती म्हणते. माझं म्हणणं मी ठरवलेलं नाही.

जेवत जा.

अण्णा

*

२१ मे

चि. चहाडखोरास,

तुला एक गुपित सांभाळता आलं नाही. मला आलं असतं अजून बरेच दिवस.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मला वाटलं होतं, पटकन गोळ्या लिहून देतील. त्यांनी नळी छातीला लावली ती बराच वेळ काढलीच नाही. एका कुशीवर झोपवून परत ऐकलं. मग विचारलं, लहानपणी कधी लांबलेला ताप आला होता का, सांधे सुजून? मी नाही म्हणणार होते. अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "आला होता." तू पाळण्यात होतास, आई तुला एका हातानं झोका द्यायची आणि दुसऱ्या हातानं माझे घोटे शेकायची. मी पार विसरले होते. अण्णांना महिनासुद्धा आठवत होता.

त्या तापानं हृदयातल्या एका झडपेला धरलं म्हणे. आता ती पुरती उघडत नाही. तुझ्या यंत्रांत झडपा असतात, तुला कळेल. पायातल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाला फुगा, तो झडपेत नेऊन फुगवायचा, की वाट मोकळी. मला हसूच आलं. एवढे मोठे डॉक्टर आणि फुगे फुगवतात. अण्णा नाही हसले. त्याआधीच्या तपासण्या चालू आहेत, जुलैत करायचं ठरलंय.

जिना बंद. मीही खाली दुकानात आले. आमचे ओले कपडे आता गिऱ्हाइकांच्या शिवलेल्या कपड्यांशेजारी वाळतात. काल एक बाई आमच्या टॉवेलचा भाव विचारत होती. अण्णा स्वयंपाक करतात. भात मापानं घालतात, पाणी अंदाजानं. उलटं करायला हवं असं मी म्हणत नाही, खाते.

आता खोटं का लिहिलं ते. माझं म्हणून लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी आला असतास. काम टाकून, कुणाला न सांगता, अंगावरच्या कपड्यांनिशी. आणि मी बरी झाल्यावर पंधरा दिवसांत इथूनही गेला असतास, तसाच. मग मी मनात म्हटलं असतं, माझ्यापायी याचं लागलेलं काम गेलं. हे एक कारण.

दुसरं असं, की अण्णांच्या नावावर लिहिलं की मला भीती वाटत नव्हती. त्यांना धाप लागते, त्यांची छाती धडधडते, असं लिहिलं की पत्र संपेपर्यंत बरं वाटायचं. तुझ्या उंच्यासारखंच, मला डायग्नोज करू नका.

आता वाटते भीती. हे अण्णांना माहीत नाही, काकूंना तर नाहीच. दिवसा नाही इतकी, पण अण्णा गिऱ्हाइकाशी बोलत असतात आणि मी मागे नुसती बसलेली असते, तेव्हा वाटते. रिकामं बसायची मला सवय नाही. तू कसा जगतोस रे अशा मुंग्या घेऊन?

तू ये.

पण पळून येऊ नकोस. रजा मागून ये. तू जाऊन उभा राहिलास आणि रजा मागितलीस, हे मला आधी कळू दे. मग मी त्या टेबलावर झोपेन.

ताई

*

६ जून

ताई,

मागितली.

तुझं पत्र काल आलं. आधी सरळ बसच्या थांब्यावर गेलो होतो, हे तुला सांगून टाकतो. बॅग घेऊन. एक बस सोडली, दुसरी सोडली. मग वर्कशॉपमध्ये परत आलो. रजा मागायची कशी ते मला येतच नव्हतं. रंगाच्या कारखान्यात नाही, गोदामात नाही, आजवर मी कुठेच मागितली नाही. नुसता दुसऱ्या दिवशी नसायचो.

बॉस, उंच्या नि आणखी दोघं चहा पीत होते. रेडिओवर कुणीतरी सरकारला डायग्नोज करत होतं. वाटेत जुळवलेलं सगळं इंग्रजी तोंडापाशी येऊन सांडलं आणि एवढंच बाहेर पडलं, की माझ्या बहिणीला डायग्नोज केलंय.

ताई, उंच्यानं रेडिओ बंद केला. मी वाट बघत राहिलो की आता कुणीतरी विचारेल, काय निघालं. कुणी विचारेना. नळ, बस, फुटबॉल, कशालाही डायग्नोज केलं की इथे अर्धा तास गप्पा चालतात. माणसाचं नाव घेऊन तोच शब्द बोललो, पुढे काही जोडलं नाही, तर त्यांनी बाकीचं स्वतःच जोडून घेतलं, आणि सगळ्यात वाईट तेच जोडलं. एक जण चहाच्या कपात बघत होता. उंच्या माझ्या खांद्यावर हात ठेवायला उठला आणि दिव्याला डोकं आपटलं त्याचं.

मलाच सांगावं लागलं. म्हटलं, मरत नाहीये ती. झडप आहे एक, फुगा घालून उघडणार आहेत. तेव्हा कुठे बॉसनं श्वास सोडला. मग तिनं मला समोर बसवून विचारायला सुरुवात केली, जसं त्या स्वयंपाक्याला विचारलं होतं तसं. कधीपासून दम लागतो? घरात कोण आहे? ती घाबरली आहे का? मी म्हटलं, हो. तू घाबरलीस हे मी माझ्या बॉसला सांगितलं, रागावू नकोस. तू घाबरली आहेस असं मोठ्यानं बोलल्यावर मीही घाबरलोय हे मला कळलं.

ती म्हणाली, "जा. फुगा घालायच्या आधी चार दिवस पोच. आणि परत कधी?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कधी, मी निघालेला कुणाला माहीतच नसायचा. पायाला मुंग्या आल्या. बंदरावरचा तो माणूस आठवला, जहाजं आठवली. बॉस खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. फळ्यावर सगळ्यांची कामं लिहिलेली असतात. माझ्या नावापुढची जागा रिकामी ठेवून ती थांबली. घाई करत नव्हती.

मी तारीख सांगितली. तू दवाखान्यातून घरी आल्यावर तुझ्याजवळ राहता येईल, अण्णांना भाताचं पाणी मोजायला शिकवता येईल, तू परत जिना चढताना मला खालून ऐकता येईल, एवढे दिवस धरून सांगितली. तिनं लिहिली.

दारातून निघताना मी मागे वळून फळ्याकडे बघितलं. परत एकदा बघितलं.

उंच्या म्हणाला, "पुसत नाही कुणी. जा."

तुझा,
भिंगरी